एकसष्टाच्या पुढची झाडं

माघ महिना, सन १९६५. शुक्रवार. तुझा बारावा.

हजर: तुझा मुलगा सोमा, सून रुक्मी, गावकार आणि त्यांच्या घरातली चार माणसं, बाजारकुणंगहून चालत आलेली तुझी धाकटी बहीण, शाळेतली एकवीस मुलं, आणि मी.

पानं मांडताना मी माणसं मोजली. सवयच तशी. रुक्मीनं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "बाय, पानावरची माणसं मोजू न्हयेत." आवाज थेट तुझा. मी मान खाली घातली आणि मीठ वाढायला घेतलं.

अक्का, माणूस गेल्यावर लिहितात तसलं मी काही लिहिणार नाही. तुझा जन्म कधीचा ते तुलाही माहीत नव्हतं. शाळेच्या कागदासाठी मी वय विचारलं, तर दारातल्या फणसाकडं बोट दाखवून म्हणालीस, "ह्याच्याएवढी. त्येला इचार." मी अंदाजानं साठ लिहिलं. तू म्हणालीस, "लिव्हलंस? आता म्हातारी झाले बघ मी."

सात वर्षांपूर्वी मी खानापूरकडून या वाडीच्या शाळेवर आले. एक खोली, एक फळा, चार इयत्ता. पुस्तकात 'वृक्षांचे उपयोग' हा पाठ होता. मी देवदार शिकवत होते. तू गवताचा भारा उंबऱ्यापाशी टेकवून ऐकत बसलीस. पाठ संपल्यावर विचारलंस, "मास्तरीणबाय, हे झाड कुठल्या रानात हाय?"

"हिमालयात. फार लांब."

"मग पोरांनी ते वळखून काय करायचं? ह्यांना सातवीण दावली तर किंदळ म्हणतात."

मुलं हसली. मीही हसले, पण मला लागलं होतं, कारण सातवीण कुठली आणि किंदळ कुठला हे मलाही सांगता आलं नसतं. पुढच्या शनिवारी तू न विचारता आलीस आणि म्हणालीस, "चला." दप्तरं शाळेतच राहिली. तू पुढं, मुलं मधे, मी मागं वही घेऊन. तेव्हापासून शनिवारची फेरी सुरू झाली. तुला ताप येईपर्यंत सात वर्षांत ती चारदाच चुकली, आणि चारही वेळा माझ्या सरकारी बैठकीमुळं.

त्या फेऱ्यांत जे शिकले त्याच्या माझ्याकडं पाच वह्या आहेत. कुठल्या सालीनं पोटदुखी थांबते, भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, फांद्या कुणी का तोडत नाही, शेकरू घरटं बांधते ती फांदी कशी ओळखायची. तू सांगायचीस आणि मी लिहायची. मधेच तू विचारायचीस, "कितवं पान झालं?" मी आकडा सांगितला की तू मान हलवायचीस, पोराचे लाड बघावेत तशी.

देवीच्या नावानं राखलेल्या राईतला झरा मात्र दर वर्षी लवकर आटू लागला होता. वाडीची सगळी मदार त्यावरच. गुरं राईत शिरत, झऱ्याच्या तोंडाशी चिखल करत, नव्या रोपांचे शेंडे खात. आपल्याला राईभोवती दगडी गडगा हवा होता, रोपांसाठी वाफे हवे होते, आणि मुलांना पावसात बसायला एक छप्पर. वाडीचे हात होते, दगड रानात होते, पण गवंडी रामनगरहून आणायचा तर वाडीच्या आवाक्यातलं नव्हतं.

आणि तेव्हाच तो कागद आला. वनमहोत्सवाच्या निमित्तानं शाळांना आणि खेड्यांना छोटी मदत मिळणार होती. गावानं मिळून झाडं राखावीत, मुलांना निसर्ग शिकवावा, त्यासाठी. अर्ज कानडीत होता. मी तुला तुझ्या ओसरीवर एकेक कलम मराठीत वाचून दाखवलं. तू सुपात तांदूळ पाखडत होतीस. सातव्या कलमावर तुझा हात थांबला. राखायच्या झाडांची संख्या, जात, घेर, आणि प्रत्येक झाडावर क्रमांक.

"देवीच्या राईतली झाडं मोजायची न्हाईत," तू म्हणालीस.

"का?"

"न्हाई मोजत."

"अक्का, का ते सांग. मी कलमापुढं 'नाही मोजत' असं लिहू शकत नाही."

मग तू मला समजावलंस. मी आज ते अगदी जसंच्या तसं लिहिते, कारण त्या दिवशी वहीत लिहायचं सोडून मी वाद घालत बसले होते. तू म्हणालीस, "आमी भात कवा मोजतो? जमीनदाराला द्यायचं असंल तवा. येपाऱ्याला घालायचं असंल तवा. घरात खायचं भात कुणी मोजतं व्हय? जे मोजलं ते दाराभायर चाललं समज."

मी म्हणाले, "हे भात नाही. हे राखण्यासाठी मोजायचं आहे. काय आहे ते माहीतच नसेल तर राखणार काय?"

"मला समदं म्हाईत हाय."

"तुला आहे. तुझ्यानंतर?"

त्यावर तू गप्प झालीस. मी जिंकले असं मला वाटलं. अक्का, तुझ्या गप्प बसण्याचा मी नेहमी माझ्या सोयीनं अर्थ लावला.

चार शनिवार आपण राईत मोजणी केली. रामनगरच्या बाजारातून मी चुना आणला. काथ्याच्या दोरीला हातहातावर गाठी मारून घेराचं माप केलं. एक झाड दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून खोडावर छातीइतक्या उंचीवर चुन्यानं आकडा काढायचा. तू झाडाचं नाव सांगायचीस, मुलं दोरी धरायची, मी आकडा काढायची. तू नाव सांगायचीस ती झाडाकडं तोंड करून आणि माझ्याकडं पाठ करून. एकदाही आकडा तोंडातून काढला नाहीस. पहिल्या दिवशी एवढंच म्हणालीस, "देवीच्या अंगावर देवी आल्यागत दिसतंय गो." मुलं हसली, मीही हसले. तू हसली नव्हतीस हे मला घरी गेल्यावर कळलं.

एकशे बारा झाडं. प्रत्येक झाडाला मी एकेक मूल नेमलं, एकेका मुलाच्या वाट्याला पाचपाच, सहासहा झाडं. मंगलीला पंचेचाळीस नंबरचा ऐन मिळाला तर ती रोज शाळेत येण्याआधी त्याला भेटून येऊ लागली. हे खरं आहे, अक्का, आणि तूही ते पाहिलंस. त्या आकड्यांनी मुलांना झाडांजवळ नेलं. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही. किंवा लिहीत असेन.

मदत मंजूर झाली. गडगा उभा राहिला. सोमानं आणि गावकारांच्या माणसांनी दगड वाहिले, गवंड्यानं फक्त कोपरे बांधले. त्या वर्षी झरा वैशाख संपेपर्यंत वाहिला. तू पहिली कळशी भरून माझ्या दाराशी ठेवून गेलीस. पाहणीला साहेब आले, त्यांनी यादी उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "आजूबाजूच्या कुठल्याच शाळेनं असलं काम केलं नाही." तू त्यांना कणगांचे कंद उकडून दिलेस. साहेबांनी ते सालीसकट खाल्ले आणि तू पदर तोंडाला लावून आत गेलीस. मी घरी जायला निघाले तेव्हा म्हणालीस, "एवढं शिकलेला माणूस, साल काढायला कुणी शिकवलं न्हाई?"

आता जे तुला मी कधी सांगितलं नाही ते.

अर्जासोबत यादीच्या तीन प्रती हव्या होत्या. कार्बन लावून मी चार काढल्या. चौथी प्रत वरच्या दुसऱ्या एका कचेरीला पाठवली. कुणी मागितली नव्हती. वर सुबक अक्षरात 'माहितीसाठी' असं लिहिलं. मला वाटलं, एवढं चांगलं काम झालंय, ते चार ठिकाणी कळावं. घेर, जात, क्रमांक, राईकडं जायची वाट, सगळं त्यात होतं. वाटेचा नकाशासुद्धा होता, मुलांनी रंगवलेला.

दोन वर्षांनी, म्हणजे या कार्तिकात, ती माणसं आली. रानातल्या मोठ्या लाकडाची तोड ठरवणारी. त्यांच्या हातात माझं अक्षर होतं. मुलांनी रंगवलेला नकाशा घडीवर फाटला होता, त्याला मागून चिकटपट्टी लावली होती. ते राईत शिरले, चुन्याच्या आकड्यांवरून चालत गेले, आणि दुपारी शाळेपाशी परत आले. त्यांतला मोठा माणूस अतिशय सभ्य होता. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "बाई, तुमच्या यादीमुळं आमचे पंधरा दिवस वाचले."

मी त्यांना चहा दिला. काय करणार? दारात आलेल्या माणसाला चहा देतात.

तू शाळेच्या उंबऱ्यावर बसली होतीस, सात वर्षांपूर्वी बसली होतीस तिथंच. तू सगळं ऐकलंस. ते गेल्यावर मी वाट बघत राहिले, की आता तू म्हणशील, मी सांगितलं होतं. तू म्हणालीस, "शनवारी पोरांना आणणार न्हवं?"

तू बोलली असतीस तर बरं झालं असतं, अक्का. मी तुझ्याशी भांडले असते आणि भांडणात कुठंतरी चौथ्या प्रतीचं तोंडातून निघून गेलं असतं. तू मला तेवढीही जागा ठेवली नाहीस.

मी अर्ज केले, ते मला येतं. राई देवीची आहे, झरा तिच्या मुळांवर आहे, शाळेची शिकवणी तिथं चालते, सगळं लिहिलं. पौषात उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, राईतली देवीची म्हणून जी झाडं असतील त्यांचे क्रमांक कळवावेत, जास्तीत जास्त दहा. ती वगळली जातील. कागदावर शिक्षिकेची सही आणि राई सांभाळणाऱ्या घराचा अंगठा हवा.

ते घर तुमचं, म्हणून मी तो कागद घेऊन तुझ्याकडं आले. तू तापानं निजून होतीस. मी दहा झाडं आधीच निवडून आणली होती. झऱ्यालगतची सहा, देवीच्या देवळीपाशी असलेला मोठा नाणा, दोन फणस, आणि मंगलीचा ऐन. शाईचं पॅडही पिशवीत होतं.

"देवीची कुठली ते सांग, अक्का. मी काढलीत ती बरोबर आहेत का बघ."

"समदी."

"सगळी लिहिता येत नाहीत. दहाच."

"मग लिवू नगो."

"लिहिलं नाही तर एकही वाचणार नाही. दहा तरी वाचतील."

"दहा मोजलीस की बाकीची तू दिलीस. आपल्या हातानं."

तेव्हा मी म्हणाले ते आता पुसता येत नाही. मी म्हणाले, "तुला लिहितावाचता येत नाही म्हणून तुला कागदाची भीती वाटते." सोमा दारात उभा होता. रुक्मी चुलीपाशी. तू डोळे मिटून घेतलेस आणि म्हणालीस, "व्हय. तुला येतंय म्हणून तुला वाटत न्हाई." पॅड मी उघडलंच नाही. कागदाची घडी करून पिशवीत टाकली आणि निघाले. जाताना 'येते' म्हणाले की नाही ते आठवत नाही. तू गेलीस ती त्यानंतर आठव्या दिवशी. त्या आठ दिवसांत मी दोनदा तुझ्या घरावरून गेले, दोन्ही वेळा कामाच्या घाईत.

आज जेवणं झाल्यावर रुक्मीनं मला मागच्या दारी बोलावलं. पडवीच्या वाशाला नारळाचं एक सोडण टांगलं होतं. भांडी घासायचं असतं तसलं, पण पांढरं झालेलं. मी विचारलं, "हे काय?"

"सासूबाय राईत घिऊन जायची. ताप भरला तरी जायची. मी पाण्याची कळशी धरायची, ती घासायची."

"काय घासायची?"

"चुना."

मी तडक राईत गेले. संध्याकाळला अजून वेळ होता. एक नंबरच्या झाडावर आकडा नव्हता. दोनवर नव्हता. साल स्वच्छ, जिथं आकडा होता तिथं जरा खरवडल्यासारखी. मी चालत गेले. वीस. तीस. मंगलीच्या ऐनावर काही नव्हतं, आणि तरी मी तो ओळखला. त्याच्या बुंध्याशी तिनं रचलेले खडे होते. साठपर्यंत असंच. एकसष्टावर तुझा हात अर्ध्यातच थांबला होता. सहाचा वरचा अर्धा भाग पुसलेला, खालची शेपटी तशीच.

तिथं उभी राहून मी हिशेब केला, कारण मला तेच येतं. आकडे नसतील तर यादी नुसता कागद आहे. चौपन्न नंबरचा किंदळ कुठला ते त्यातून कुणालाही कळणार नाही. त्यांना पुन्हा सगळं मोजावं लागेल. पंधरा दिवस. फार तर महिना. मग नवी यादी वर जाऊन मंजूर होईपर्यंत पाऊस जवळ येईल आणि तोड पुढच्या साली जाईल. तोवर आणखी एक अर्ज, आणखी एखादा साहेब. राई वाचेल असं मी म्हणत नाही. मला खोटी आशा लिहिता येत नाही.

पण मदत घेताना मी लिहून दिलंय की पाच वर्षं, दर पावसाळ्यानंतर पुन्हा चुना देऊन, झाडांवरचे क्रमांक वाचता येतील असे ठेवीन. त्यावर माझी सही आहे. ते पुसले तर वाफ्यांना आणि शनिवारच्या फेरीला मिळणारी पुढची मदत थांबेल, आणि कुणी पुसले असं विचारलं तर मला खोटं बोलावं लागेल किंवा शाळा सोडावी लागेल. शाळा सोडली तर मुलांना सातवीण कोण दाखवणार? आणि दहा नंबरांचा कागद उद्या पाठवला नाही तर ती दहाही गेली. सोमवारी हातोडेवाले येणार आहेत, खोडांवर तोडीची खूण ठोकायला. त्यांना आता साठ झाडं सापडायची नाहीत, बावन्न सापडतील.

परत येताना सोमा वाटेत भेटला. त्यानं अंगठा पुढं केला. "बाई, आई न्हाई. आता माझा अंगठा लागंल न्हवं? तुमी सांगाल तिथं लावतो."

"तुला काय वाटतं, सोमा?"

"मला काय कळतंय? तुमी शिकलेल्या."

तुझा मुलगा तुझ्यासारखा नाही, अक्का. तो माझ्याशी वाद घालत नाही. तू होतीस तोवर चूक माझी असली तरी वाद आपल्या दोघींचा होता. आता सगळं माझ्या एकटीच्या अक्षरात आहे.

तुझे उपकार मानायला मी ही वही उघडली होती, आणि बघ, मधेच तक्रार शिरली. तू मला एक रान दिलंस, जे मला पुस्तकात सापडलं नसतं. मी त्या रानाला आकडे दिले. शेवटी ताप अंगावर घेऊन, माझ्याशी एक शब्द न बोलता, तू माझी चूक घासत होतीस. मला हाक मारली असतीस तर मी कळशी धरली असती. की धरली नसती? करारावर माझी सही आहे असं म्हणाले असते. तुला ते माहीत होतं, म्हणून तू रुक्मीला नेलंस.

निघताना मी रुक्मीला विचारलं, "माझ्यासाठी काही बोलली का गं?"

तिनं खूप आठवून पाहिलं. "न्हाई, बाय. सोडण वल्लं ठिवू नगो, कुजंल, असं म्हणली. तेवढंच."

तिनं ते माझ्या हातात दिलं. मी ते घरी आणलं आणि खिडकीच्या गजाला टांगलंय. वाळलंय. त्याच्या धाग्यांत अजून चुना आहे, टेबलावर त्याची पूड पडते. टेबलावर दहा नंबरांचा कागद उघडा आहे, सहीची जागा रिकामी.

उद्या शनिवार. फेरीसाठी मुलं सकाळी शाळेपाशी जमतील. रोजच्या सवयीनं उद्याच्या कामांची यादी करायला घेतली. शाळेची किल्ली गावकारांकडून आणणे. वाफ्यांना पाणी. सोमाच्या घरी तांदूळ पोचवणे. कळशी.

कळशीच्या पुढं फक्त एकसष्ट ते एकशे बारा एवढंच लिहून झालंय.